बंद चाकातून निघालेली सनई

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर विचारतो — पुरावा काय? मी भाव केल्याशिवाय कोथिंबीर घेत नाही, मग कुणाचं बोलणं तसंच कसं घेईन? पण गेल्या लग्नसराईत ढाणकीला जे घडलं ते माझ्याच हाताखाली घडलं. म्हणून लिहितोय.

नेरला माझी बँड पार्टी आहे. स्वतः उभी केलेली. त्याआधी मी गुलाबराव उस्तादांकडे कीबोर्ड वाजवायचो. त्यांच्या कीबोर्डवरचा सनईचा आवाज मी घडवला. फुंकीचा जोर स्लायडरला दिला, पिच बेंडची रेंज दोनवर ठेवली. पिच बेंड म्हणजे डाव्या हाताचं चाक... ढकललं की सूर वर सरकतो, सोडलं की जागेवर येतो. रेंज दोन असली की सा फार तर रेपर्यंत जातो. बारा ठेवली तर थेट वरच्या सापर्यंत, आणि सनईचा भोंगा होतो. आमचं भांडण झालं, मी निघालो, कीबोर्ड त्यांचा म्हणून सेटिंगही त्यांच्याकडेच राहिलं. वर गावोगाव सांगत सुटले, "सनई माह्यी हाये. थो दिलीप्या निस्त्या चाव्या दाबे." हे मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

मी सेकंडहँड कीबोर्ड घेतला. त्याचं चाक बंद होतं, त्याच दोषावर भाव पाडला. मग पिच बेंड पायाच्या पेडलला असाइन केला, रेंज दोन. काम भागलं.

ढाणकीच्या लग्नात वरपक्षानं आम्हाला बोलावलं, वधूपक्षानं उस्तादांना. भर दुपारी मांडवाच्या दारात दोन्ही पार्ट्या समोरासमोर. उस्ताद माइकवर म्हणाले, "काय बे दिलीप्या, सनई आइकाले आला का?"

माझं टाळकं सरकलं. "उस्ताद, सौदा करा. ज्याची सनई फिकी पडली, त्यानं याच माइकवर सांगाचं, सनई कोनाची हाये ते."

"मंजूर!"

म्हणजे हरलो असतो तर माझीच सनई भर मांडवात त्यांच्या नावावर करावी लागली असती.

आधी त्यांनी वाजवलं. माझंच सेटिंग, जसंच्या तसं. राग आला... आणि खोटं कशाला बोलू, छानही वाटलं.

मग मी सुरू केलं. नाचणाऱ्यांपैकी कुणाचा तरी पाय पेडलच्या वायरीत अडकला आणि जॅकच तुटला. सनई सपाट, ट्रकच्या हॉर्नसारखी. उस्ताद खदखदून हसले. "काहून बे, दम सरला काय?"

संतापात मी डाव्या हाताचा तळवा त्या बंद चाकावर हाणला.

आणि सूर उठला.

रेवर थांबला नाही. ग, म ओलांडत पंचमापर्यंत गेला, तिथं थरथरला. मी हात काढून घेतला — स्प्रिंगचं चाक, झटकन मध्ये यायला हवं. आलं नाही. सावकाश, एकेक सुराला चाटत खाली उतरलं. चाव्या मी दाबत होतो, मींड दुसरंच कुणी घेत होतं. आमचा ढोलवाला ठेका विसरला. नाचणारे उभे राहिले. नवरीच्या आजीनं पदर डोळ्यांना लावला.

वाजवून झालं तेव्हा उस्तादांनी माइक हातात घेतला. पुटपुटले, "सनई दिलीपची हाये."

"मोठ्यानं, उस्ताद! मांगच्यायले आइकू नाही आलं."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. त्या दिवसासारखी पंगत मला आजवर गोड लागलेली नाही.

स्क्रीनवर रेंज दोनच होती. दोनवर सूर पंचमाला जातो कसा? दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याला रिपेअरवाल्याकडे कीबोर्ड उघडून घेतला. तो म्हणाला, "दिलीपभाऊ, चाकाखालचा सेन्सरच कोनं तरी काढून नेला हाये. वायर कायलेच जोडेल नाही."

"मंग वाजलं कसं?"

"वाजवलं तुमी, अन् इचारता मले?"

मी त्याच्याशी भांडलो, जमलेल्या लोकांना साक्षीला घेतलं. उपयोग नाही. त्यानंतर ते चाक ढकलून पाहिलं, हाणून पाहिलं, हात जोडूनही पाहिलं... मुकं. का, कसं, कोण — मला आजही सांगता येत नाही.

परवा नेरच्या बसस्टँडवर उस्ताद भेटले. मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, आवाज उतरवून म्हणाले, "एक सांग गड्या. रेंज किती ठेवली होती?"

"ते तुमाले कायले सांगू?" मी म्हणालो आणि बसमध्ये चढलो.

हे वाचून कुणी त्यांना सांगितलंच, की दिलीपलाही ठाऊक नाही... तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही.