पोरीच्या मार्कांना झुकतं माप

धर्मापुरीच्या वैजिनाथअप्पांच्या किराणा दुकानात साखर नेहमी चमचाभर जास्तच मिळते. काटा बरोबर आला की अप्पा वरून एक चिमूट टाकणारच. गावात त्यांचं नाव त्यावरच टिकलंय. पण माणसानं पोरीच्या मार्कांनाही असं झुकतं माप द्यावं, याला काय म्हणावं?

शिवकन्या त्यांची धाकटी लेक. गेल्या साली नीटला थोडक्यात हुकली, म्हणून लातूरला क्लास लावून पुन्हा बसली होती. यंदा नंबर लागला नाही तर डॉक्टरकीचा नाद सोडून बी.एस्सी.ला जायचं, हे तिचं तिनंच ठरवलं होतं. आणि जानेवारीपासून गाडी रुतलेली. सराव परीक्षेत कधी पाचशे एकेचाळीस, कधी सदतीस, कधी चाळीस. तिनं पुस्तकं बदलली, वेळापत्रक बदललं, पहाटेचा अभ्यास दुपारी नेला. आकडा ढिम्म हलेना. शेवटच्या पेपरात पाचशे अडतीस पडले आणि परीक्षेला आठ दिवस असताना ती घरी आली.

घरी तरी जीव कुठं थाऱ्यावर होता? पुस्तक उघडायची, मिटायची. पाय मोकळे करायला म्हणून जुन्या देवळाकडं निघायची आणि अर्ध्या वाटेतून परतायची. शेवटी आईच म्हणाली, "जा, अप्पाजवळ दुकानात बस घडीभर. माणसं दिसली की बरं वाटंल."

माणसं दिसली खरी. शेजारचे सुंदरराव गूळ न्यायला आले आणि हसून म्हणाले, "काय डॉक्टरीणबाई, सहाशे बारा पडले म्हणं. लई झाले की."

शिवकन्यानं बापाकडं पाहिलं. क्लासचा निकाल दर सोमवारी अप्पांच्याच मोबाईलवर यायचा. अप्पा गुळाची ढेप फोडण्यात एकदम गुंतून गेले.

सुंदरराव गेल्यावर तिनं विचारलं, "कावून सांगितलं असं, अप्पा?"

"जीभ उचलंना, बाळा. लोक रोज इचारतेत. यंदाबी तितकेच का, म्हणतेत. म्हणलं, परीक्षेत येतीलच की सहाशे. आधीच सांगितले तर काय बिघडलं?"

काय बिघडलं ते तिला त्या क्षणी उमगलं आणि भयंकर राग आला. दर रविवारी फोनवर अप्पा म्हणायचे, "सहाशेच्या वर पायजेत बरं का." तेवढं ऐकून ती पेपरात न येणाऱ्या प्रश्नांना जाऊन भिडायची. त्यांच्याशी झटापट करण्यात वेळ जायचा आणि मग येणारे सोपे प्रश्न घाईत चुकायचे. क्लासचे सर सांगून थकले होते, अवघड प्रश्न खुशाल सोड म्हणून. पण सोडायला तिची छातीच होत नव्हती.

"तुमच्या सहाशेच्या मागं पळते मी, अप्पा," ती म्हणाली. "त्यात माजे हातचे जातेत. पाचशे चाळीसच्या आतबाहेरच हाय मी चार महिने."

तिला रडू फुटलं. अप्पा हाताला लागलेला गूळ फडक्याला पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "आता लोकांला काय सांगू?"

"जे हाय ते."

"आन् नंबर लागंल का इचारलं तर?"

"माहीत न्हाई म्हणायचं. मला तरी कुठं माहीत हाय?"

तेवढ्यात अंगणवाडीच्या सुरेखाताई तेलाची बाटली घेऊन आल्या. डोळे पुसणाऱ्या शिवकन्याकडं पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं हो पोरीला? मार्क कमी पडले का?"

अप्पांनी तेलाची बाटली हातात घेतली. "न्हाई. पाचशे अडतीस हायत."

"अन् ते सहाशे बारा?"

"ते माजे होते," अप्पा म्हणाले. "हे तिचे हायत."