रांजणात डोकावलेला रंग

इवाओचे हात मनगटाच्या वरपर्यंत निळे. चाळीस वर्षं कापड निळीच्या रांजणात बुचकळून बुचकळून नखांच्या मुळाशी रंग मुरलेला. त्यापायी त्याच्याच घरातल्या एका खोलीत त्याला मज्जाव होता. ती खोली बायकोची, फुसाएची. बोटभर रेशमी चौकोन चिमट्यानं दुमडून ती पाकळ्या करायची आणि त्यांची फुलं बांधायची, पोरीबाळींच्या केसांत खोवायला. इवाओ उंबऱ्याशी दिसला रे दिसला की आतून हाळी यायची, "हात!" मग हा बापडा हात पाठीमागं धरून उभा राहायचा आणि तिथूनच विचारायचा, जेवायला काय आहे.

उन्हाळा सरता सरता फुसाए गेली.

थंडी पडली तशी शेजारची तात्सुको दारात आली. सात वर्षांच्या पोरींना नटवून देवळात न्यायचा सण तीन दिवसांवर होता.

"भावजी, आमच्या मिओसाठी फुसाएनं शेवंती कबूल केली होती, पांढरी. झाली नसेल तर ऱ्हाऊ द्या. नातीला दुकानातलं प्लास्टिकचं घेते."

"प्लास्टिकचं?" इवाओ गुरकावला. "ती असती तर झाडू घेऊन पाठी लागली असती तुमच्या."

"ती असती तर विचारायला कशाला आले असते?"

इवाओनं फुसाएच्या खोलीकडं बघितलं. मग म्हणाला, "रविवारी सकाळी या."

ती गेल्यावर त्यानं लिंबं चिरून बोटांवर घासली, पार कातडी चुरचुरेस्तोवर. निळं काही हललं नाही. तो तसाच उंबरा ओलांडून आत गेला. शेवंती बैठ्या मेजावर होती. सगळ्यात बाहेरच्या फेरीतल्या तेरा पाकळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्यानं भाताची खळ पाटावर घोटली, पांढरा चौकोन चिमट्यात धरला, दुमडला. टोक दाबायला मात्र बोटच लागतं. बोट उचललं तर पाकळीवर निळा ठसा. दुसरी केली, तिच्यावरही ठसा. पाच पाकळ्या वाया गेल्या तेव्हा त्यानं चिमटा खाली ठेवला. रबरी मोजे घालून बघितले, तर रेशीम कुठं आहे तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी रांजण ढवळायची वेळ झाली. आंबवलेली नीळ जिवंत असते, तिला खाऊपिऊ घालावं लागतं. मोठ्या रांजणात त्यानं कोंडा टाकला, घोटभर दारू पाजली. कोपऱ्यातला धाकटा रांजण फुसाएच्या रेशमाचा. ती गेल्यापासून इवाओ तो नुसता ढवळायचा, खायला काही घालत नव्हता. कुणासाठी घालायचं? आता त्यात जेमतेम धुगधुगी उरली होती. अशा मरणाला टेकलेल्या रांजणातून एकच रंग निघतो. रंगारी त्या रंगाला म्हणतात, रांजणात डोकावलेला, म्हणजे कापड आत नुसतं डोकावून आलं इतका फिकट. पाणी आणि आभाळ यांच्या मधला काहीतरी.

इवाओ थबकला. मग त्यानं पांढऱ्या रेशमाची पट्टी आणली, एकदाच बुडवली आणि वर काढली. हिरवट दिसणारं रेशीम वाऱ्यावर हळूहळू फिकट निळं झालं. त्याच्या बोटांचे ठसे आता त्यात कुठच्या कुठं जिरणार होते.

रविवारी लाल किमोनोतली मिओ दारात उभी. तात्सुकोनं फूल उलटंसुलटं करून बघितलं.

"अगंबाई! पांढऱ्याला ही निळी कड कुठनं आली?"

"फुसाएच्या मनात तसंच होतं."

"हं. आणि पाकळ्या वाकड्या बसवायचंही तिच्याच मनात होतं का?" असं म्हणताना तिची नजर त्याच्या निळ्या बोटांवर गेली. फूल पोरीच्या केसांत खोवून म्हणाली, "चला की भावजी देवळात."

"नको. रांजण बघायचेत."

पोरीची पावलं गल्लीच्या वळणापर्यंत वाजत राहिली. मग तो आवाजही थांबला.

इवाओ घरात आला. चौदा चौकोन कापले होते, एक पाकळी जास्तीची झाली होती. ती खळीवर पडून पडून कडक झाली असणार. काढून टाकावी म्हणून तो खोलीशी गेला आणि उंबऱ्यावर आपसूक थांबला. हात पाठीमागं गेले.

बराच वेळ तो तसाच उभा होता. आतून कुणी ओरडलं नाही.