शंका असेल तर 'नको' म्हणा

अंबाजोगाईत मी जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवतो. मशीन हलकं चालावं म्हणून ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एकेक भाग चालवणारे प्रोग्राम, लागतील तेवढेच ठेवायचे आणि बाकीचे काढून टाकायचे, ही माझी पद्धत. तिचा मला भारी तोरा होता.

एका शनिवारी नेकनूरकडच्या एका शाळेतल्या बाई लॅपटॉपांचं खोकं घेऊन आल्या. कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेले ते दहा लॅपटॉप त्यांनी आपल्या पोरींसाठी मागून आणले होते, आणि मीच ते तयार करून दिले होते. सगळं चालत होतं, फक्त वायफाय लागत नव्हतं. सोमवारपर्यंत नेट चाललं नाही तर सगळा माल भंगारात, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं.

कुठले ड्रायव्हर ठेवायचे ते निवडताना वायफायच्या ड्रायव्हरशेजारी चार ओळींचा मदतीचा मजकूर असतो. तो मी त्यांना वाचून दाखवला. त्यात दोनच वायफाय चिपची नावं होती, आमच्या लॅपटॉपमधली नव्हती. शेवटी लिहिलं होतं, शंका असेल तर 'नको' म्हणा. लॅपटॉप तयार करताना मी तसंच म्हटलं होतं.

"इथं सरळ लिहिलंय बाई, होणार न्हाई." उचलली जीभ लावली टाळ्याला.

"दादा, पण हे लिहिलंय कवा?" बाई म्हणाल्या. "आमच्या शाळेच्या भिंतीवर मागच्या सालचं वेळापत्रक अजून हाय. ते बघून पोरी तासाला बसतात व्हय? मला येऊन इचारतात. तुमी आत बघितलं का?"

मला राग आला. त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच मी ड्रायव्हरचा मूळ कोड उघडला. तिथल्या यादीत आमची चिप होती! कुणीतरी ती कधीच जोडली होती, मजकूर तेवढा बदलायचा राहिला होता. मी मुकाट्यानं 'हो' निवडलं आणि सगळं नव्यानं चढवलं. बाईंच्या फोनच्या नेटला पहिला लॅपटॉप जोडला गेला. त्यांनी उरलेले नऊ माझ्यापुढे सरकवले.

मग तो मजकूर सुधारून मी ड्रायव्हर सांभाळणाऱ्या परदेशातल्या माणसाला पाठवला. त्यानं तीनदा परत पाठवला. दर वेळी काय चुकलं ते समजावलं, आणि दर वेळी आभारही मानले. इतक्या सबुरीनं मी आजवर कुणालाच शिकवलेलं नाही. त्या न पाहिलेल्या माणसाचा मी मनापासून ऋणी आहे.

लिनक्स सांभाळणाऱ्या या लोकांची एक रीत आहे. चूक सुधारणाऱ्यासोबत ती दाखवून देणाऱ्याचंही नाव बदलाच्या नोंदीत कायमचं लिहितात, पण त्याला विचारून. म्हणून मी बाईंना फोन केला.

"माजं नाव कावून? मी तर निस्तं इचारलं."

"तेवढंच तर मी केलं न्हवतं, बाई."