‘मी’ घुसवणारे सर

ज्यांना जपानीचं एक अक्षर वाचता येत नाही अशा गृहस्थांकडून जपानी कथा शिकायला मी दोन दिवसांची रजा टाकून लोणावळ्याला गेले होते. आता आठवलं की त्यांच्याइतकाच माझाही राग येतो.

मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. जपानी साहेब बोलतात ते कामगारांना सांगायचं, कामगार बोलतात ते साहेबांना. फावल्या वेळात एक जपानी कथा मराठीत आणली होती. इस्पितळात आई आजारी आहे आणि तिच्याशेजारी बसून कोणीतरी फळ सोलतंय, एवढीच कथा. सांगणारा मुलगा आहे की मुलगी, हे मूळ कथेत शेवटपर्यंत कळत नाही. जपानीत ‘मी’ न म्हणता पानंच्या पानं लिहिता येतात आणि क्रियापदावरून बाई-पुरुष ओळखू येत नाही. मराठीत ‘गेलो’ किंवा ‘गेले’ म्हटलं की संपलं. म्हणून मी ‘गेलो’, ‘बसले’ असलं एकही क्रियापद वापरलं नव्हतं. ‘फळ सोललं. हात धुतले. खिडकी लावून घेतली.’ अशा वाक्यांतून सात पानं पार केली होती. त्याला चार महिने लागले.

दुसरी अडचण आईच्या दुखण्याची होती. जपानीत स्वतःचं दुखणं सरळ सांगतात, दुसऱ्याचं मात्र ‘दुखत असावं’, ‘दुखतंय असं दिसतं’ असंच म्हणतात. कारखान्यात हे मी रोज ऐकते. कथेतही आईबद्दलची सगळी वाक्यं तशीच होती. मी ती तशीच ठेवली, कारण सांगणारा माणूस खाटेच्या अलीकडे बसलाय, आईच्या आत शिरलेला नाही, हे त्या ‘असावं’मुळेच कळतं.

लोणावळ्याच्या एका बंगल्यात ही कार्यशाळा होती. आम्ही नऊ अनुवादक होतो आणि एक सर. आमच्या कथांचा संग्रह सरांच्याच संपादनाखाली निघणार होता. सरांनी जपानी कथा इंग्रजीतून वाचल्या होत्या, त्याही बहुधा प्रस्तावनेपर्यंत. पहिला दिवस त्यांनी मौन, रिकामी जागा आणि चहा यांवर घालवला. जपानी कथेत निवेदक विरघळतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले आणि आमच्यातले निम्मे ते वहीत उतरवत राहिले. विरघळतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा अनुवाद तपासून परत दिला. पहिल्याच पानावर लाल शाईत अकरा ठिकाणी ‘मी’ घातला होता. ‘हात धुतले’चं ‘मी उठलो आणि हात धुतले’ झालं होतं. ‘दुखत असावं’ खोडून त्यांनी लिहिलं होतं, ‘आईला असह्य वेदना होत होत्या.’

मी विचारलं, सांगणारा मुलगाच आहे हे कशावरून?

सर म्हणाले, “मुलगी असती तर एव्हाना रडली असती.”

सगळे हसले. मी पिशवीतून मूळ पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, यात ‘तो’ कुठं आहे तेवढं दाखवा. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, ओळी उभ्या असतात. सरांनी ते डावीकडून उघडलं आणि डाव्या हाताकडून उजवीकडे आडवं बोट फिरवत गंभीरपणे मान हलवली. त्यांच्या बोटाखाली छापखान्याचा पत्ता होता.

“प्रश्न अक्षरांचा नसतो, जाणिवेचा असतो,” असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं.

मी तिथल्या तिथं बोलायला हवं होतं. पुस्तक पिशवीत टाकून जागेवर जाऊन बसले.

परंदवडीला घरी आल्यावर आईला दोन्ही मसुदे वाचून दाखवले. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. सरांचा मसुदा ऐकताना तिनं मधेच थांबवलं आणि विचारलं, त्या म्हातारीला असह्य होतंय हे त्याला कुणी सांगितलं? मग माझा मसुदा शेवटपर्यंत ऐकला. यातलं सांगतंय कोण, मुलगा की मुलगी, असं मी तिला विचारलं.

“ल्योक हाय का लेक, त्येनं काय फरक पडतोय? लेकरू बसलंय आईपाशी,” आई म्हणाली.

चार महिने मी जे चुकवत होते ते तिनं एका शब्दात चुकवलं. लेकरू बसतं, उठतं, जातं. त्याला मुलगा की मुलगी ठरवावं लागत नाही. सरांना हे सुचणं शक्यच नव्हतं. त्यांच्या घरी ‘लेकरू’ हा शब्द बहुतेक ग्रामीण साहित्याच्या कपाटात ठेवलेला असावा.

संग्रह निघाला तो माझ्या नावावर सरांचाच मसुदा घेऊन, खाली ‘मूळ जपानीवरून’ अशी ओळ छापून. प्रकाशनाच्या वेळी एका निवृत्त प्राध्यापकांनी पुरुषी अश्रू किती संयमानं आलेत म्हणून माझं कौतुक केलं. मी स्टेजवर गेले, सरांच्या हातून गुच्छ घेतला आणि “तुमच्यामुळे शिकायला मिळालं” असं माईकवर म्हणाले. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

पुढच्या खंडासाठी सरांचा फोन आला तेव्हा मी नाही म्हटलं. कारण विचारलं तेव्हा कारखान्यात काम वाढलंय असं सांगितलं. खरं कारण सांगण्याची हिंमत तेव्हाही झाली नाही. सरांनी मात्र समजुतीच्या स्वरात मला वाचन वाढवायला सांगितलं आणि फोन ठेवला.