तलकाडला, न ढकलता

आमच्या तलकाडच्या प्रवासाची सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी घराच्या फाटकापाशी झाली आणि पुढचा बराच वेळ तो प्रवास तिथून हलला नाही. उद्याची तयारी म्हणून मी मोटरसायकलची किल्ली फिरवली, तर नेहमी लागणारा हिरवा दिवा लागला नाही. हॉर्न दाबला, तो गप्प. किक मारली तर आतून नुसतं खोकल्यासारखं काहीतरी आलं. मागे अनिल, म्हणजे माझा नवरा, चहाचा कप घेऊन उभा होता. न बोलता जिंकत असल्याचा आनंद चेहऱ्यावर कसा ठेवायचा, हे त्याला छान जमतं.

जिंकण्या-हरण्याचं काय, ते आधी सांगते. ही जुनी गाडी मी शाळेतल्या एका शिक्षिकेकडून तिची बदली झाली तेव्हा घेतली. घेतल्यापासून ती गावात जागोजागी बंद पडली आणि दर वेळी मागून ढकलायला अनिल होता. शेवटी वैतागून त्याने ऑफिसातलंच एक गिऱ्हाईक शोधलं. ते रविवारी संध्याकाळी गाडी बघायला येणार होतं. मी हट्टाला पेटले तेव्हा तह झाला, की शनिवारी गाडीवरून तलकाडला जाऊन यायचं. एकदाही ढकलावी लागली नाही तर गाडी राहील, आणि अनिल तिच्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढणार नाही. ढकलावी लागली, तर रविवारी किल्ली त्या माणसाच्या हातात.

तुम्ही म्हणाल, एका खटारा गाडीसाठी एवढं काय. मी कऱ्हाडहून म्हैसूरला आले ती अनिलच्या नोकरीमागून. कितीतरी वर्षं माझं म्हैसूर म्हणजे घर, शाळा, मंडई आणि त्यांच्यामधली बस. गाडी आली आणि मी चुकीच्या वळणांवर वळायला लागले. पंक्चरवाल्याशी, पेट्रोल पंपावर, रस्ता विचारताना मोडकंतोडकं कन्नड बोलायला लागले. हे गाव मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते या गाडीवर बसून. ती जाणार हे मला सोसवत नव्हतं, पण हे अनिलला सांगायची माझी तयारी नव्हती.

आमचा मेकॅनिक मेटगळ्ळीत असतो. फोन केला तर तो सासुरवाडीच्या जत्रेला बेट्टदपुरला गेलेला. मागे इतक्या पिपाण्या वाजत होत्या, की "फ्यूज बघा" एवढंच ऐकू आलं. फ्यूज उडाला होता. नवा घातला, तोही लगेच उडाला. म्हणजे एखादी वायर सोलवटून गाडीच्या लोखंडाला लागत होती. इतपत मलाही कळत होतं. ती नेमकी कुठे लागते, हे कळत नव्हतं. तेवढ्यात कुंपणावरून शेजारचे व्यंकटराव काका डोकावले.

काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. घरात ते मराठीच बोलतात. फक्त त्या मराठीतले निम्मे शब्द कन्नड असतात, आणि कुठले ते काकांना माहीत नसतं. ते एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले. हयातभर त्यांनी वायर मोजून दिली. जोडायचा प्रसंग कधी आला नसावा, पण वायर म्हटलं की शेवटचा शब्द आपला, असं ते मानतात.

फाटकापाशी अंधारून आलं होतं. पोर्चमधल्या दिव्याखाली गाडी घ्या, असं काकांनी सुचवलं आणि ते अनिलकडे वळले.

"अनिलराव, स्वल्प (जरा) तळ्ळा हो."

"काय तळू?" अनिलने विचारलं.

कन्नडमध्ये 'तळ्ळु' म्हणजे ढकल. अनिलच्या ऑफिसच्या काचेच्या दारावर हाच शब्द लिहिलेला आहे. रोज ते दार ढकलून आत जाणाऱ्या या गृहस्थाला कन्नड अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळे काकूंनी बहुतेक भज्यांचं पीठ भिजवलंय, अशी त्याची समजूत झाली. अर्थ कळल्यावर त्याने हातातला कप खाली ठेवला नाही. ढकलणं अटीत बसत नाही, म्हणाला. प्रवास अजून सुरू झालेला नाही, त्यामुळे हे मोजायचं नाही, असं मी त्याला बजावलं, आणि काकांनी व मी मिळून गाडी पोर्चमध्ये नेली.

सीट काढली, टाकी सैल करून वर उचलली. काकांनी बारका टॉर्च दातांत धरला आणि दोन्ही हातांनी वायरी चाचपायला सुरुवात केली. सोलवटलेली लाल वायर त्यांनीच शोधली, हे कबूल करायला हवं. मी तिला चिकटपट्टी गुंडाळली. आता तिच्या शेजारची वायर जरा बाजूला करायची, म्हणजे पुन्हा घासणार नाही, असं त्यांच्या मनात होतं. हे मला नंतर कळलं.

"ते कप्पु," काका टॉर्चमागून म्हणाले. "अग ते गं, कप्पु, कप्पु."

माझ्या हातात पक्कड होती. इतकं जीव तोडून कापू म्हणताहेत, तर मी कापली.

काकांच्या तोंडातून टॉर्च खाली पडला. "अय्यो, कप्पु म्हटलं मी. कप्पु म्हणजे काळं."

आता गंमत बघा. कप्पु म्हणजे काळा, हे मला ठाऊक आहे. दुकानात मी काळी छत्री मागते ती कप्पुच म्हणून. काका कन्नडमध्ये बोलले असते तर मला बरोबर समजलं असतं. ते मराठीत बोलत होते, म्हणून मी मराठीत ऐकलं. तसं मी म्हटल्यावर काका दुखावले. कप्पु हा शुद्ध मराठी शब्द आहे, आमच्या पणजोबांपासून घरात काळ्याला कप्पुच म्हणतात, तुमच्या पुण्याकडे म्हणत नसतील तर इलाज नाही, असं त्यांनी ऐकवलं. कऱ्हाड पुण्याकडे नाही, हे मी त्यांना पूर्वीच सांगून दमलेली आहे.

ती काळी वायर म्हणजे गाडीतल्या सगळ्या विजेची परतीची वाट निघाली. कापलेली टोकं इतकी आखूड, की एकमेकांना पुरेनात. घरात दुसरी वायर नव्हती. मग मी माळ्यावरून गणपतीच्या मखराची दिव्यांची माळ काढली आणि तिचा एक तुकडा तोडला. वायर नाजूक होती, म्हणून काकांनी तिचे तीन पदर करून पीळ दिला. चिकटपट्टी संपली होती, म्हणून जखमेला लावायची पट्टी लावली आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची फीत आवळली. नवा फ्यूज घातला. हिरवा दिवा लागला, किक मारली आणि गाडी सुरू झाली.

"आयतु (झालं)," काका म्हणाले. "तलकाड काय, काशीला जा."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. अनिलच्या पाठीवर त्याची प्रसिद्ध पिशवी होती. तिच्यात रेनकोट, मफलर, सुकामेवा, नेलकटर असं सगळं असतं. गाडीचं हत्यार तेवढं नसतं. चामुंडीची टेकडी मागे पडली आणि काकांच्या दुरुस्तीचे गुण दिसू लागले. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणायचा. हॉर्न दाबला की पुढचा दिवा मंद व्हायचा, आणि हॉर्नमधून कुणीतरी उशीत तोंड खुपसून बोलावं तसा आवाज यायचा. मी ब्रेक लावला की मागच्या बसवाल्याला वाटे, बाई डावीकडे वळणार. शेवटी अनिलनेच इंडिकेटरचं काम अंगावर घेतलं. वळायचं असलं की तो मागच्या सीटवर ताठ बसून ट्रॅफिक पोलिसासारखा हात काढायचा. या कामात त्याला हळूहळू गोडी वाटू लागली, असा माझा संशय आहे.

कालव्याच्या कडेने रस्ता सरळ जातो. दोन्हीकडे भात, मध्येच ऊस, बांधावर नारळ. टी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला भेटतात, आणि तिथेच आम्हाला तट्टे इडली (ताटलीएवढी चपटी इडली) भेटली. तिच्यावर लोण्याचा गोळा, शेजारी पातळ हिरवी चटणी. खाऊन बाहेर आलो तर अनिल गाडीकडे बघत उभा राहिला. मी ती मुद्दाम उतारावर, तोंड खाली करून लावली होती. वेळ पडली तर घरंगळत सुरू करता येते. घरंगळणं हे ढकलण्यात मोडतं का, यावर आमची बरीच चर्चा झाली. माणसाचा हात लागला तरच ढकलणं, असा निकाल लागला, आणि गाडी एका किकमध्ये सुरू झाल्याने तो वाया गेला.

तलकाड म्हणजे वाळू. एका राणीने शाप दिला आणि गाव वाळूखाली गेलं, असं सांगतात. देवळं आता उकरून काढली आहेत. वाळूच्या टेकाडांमधून चालत जायचं आणि पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी पोचायचं. चपला बाहेर काढाव्या लागतात. झाडांच्या सावलीत वाळू गार लागते, सावली संपली की पळत सुटावं लागतं. अनिल पायमोजे घालून आला होता आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश होता. वैद्यनाथेश्वराच्या देवळात तो हात जोडून बराच वेळ उभा राहिला. काय मागितलंस विचारलं, तर सांगायचं नसतं म्हणाला. गिऱ्हाईक चांगलं मिळू दे, असंच मागितलं असणार, असं मी धरून चालले.

नदीकाठी मीठ-तिखट लावलेली काकडी खाल्ली. मग तेप्पात (टोपलीसारख्या गोल होडीत) बसलो. नावाड्याने मधोमध नेऊन ती गरगर फिरवली, तेव्हा अनिलने एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने मला धरलं. काठावर उतरल्यावर मी एक गजरा घेतला आणि आम्ही परत निघालो.

नरसीपूर मागे टाकलं आणि शहाळ्यांच्या एका टपरीसमोर गाडी बंद पडली. टपरीवरच्या बाईंनी "एनायतम्मा?" (काय झालं, बाई?) असं विचारलं. वायर सुटली, मी कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी अनिलच्या हातात शहाळं दिलं आणि रस्त्यापलीकडे ऊस भरणाऱ्या दोघांना हाक मारली. ते हात पुसत आले आणि गाडीच्या मागे उभे राहिले.

"तळ्ळोणा?" त्यांनी विचारलं. ढकलूया का?

मी काही म्हणायच्या आत अनिल शहाळ्यासकट उठला. "बेड (नको), बेड," तो म्हणाला. "तळ्ळु बेड."

ते दोघे गोंधळून मागे सरले. मीही गोंधळले. त्यांनी चार पावलं ढकलली असती की अट मोडली असती आणि गाडी गेली असती. त्यासाठी अनिलने नुसतं शहाळं पीत बसायचं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो स्ट्रॉमध्ये फार काही असल्यासारखा बघत होता.

टाकी उचलली. उन्हाने जखमेची पट्टी सुटली होती आणि जोड सैल पडला होता. अनिल पिशवीतून नेलकटर काढून माझ्याशेजारी उकिडवा बसला. मी माळेच्या वायरचं टोक सोडवत होते.

"अनिल, ते कप्पु घे," मी म्हणाले.

त्याने काळी वायर चिमटीत धरली आणि नेलकटर उघडून माझ्याकडे बघितलं. "घेऊ की कापू?"

आपण काय बोलून गेलो, हे मला तेव्हा कळलं. मी मराठीतच बोलले होते, असं मी शपथेवर सांगितलं असतं. आम्ही दोघंही तिथे मातीत बसून इतके हसलो, की टपरीवरच्या बाईंनी आम्हाला आणखी एक शहाळं दिलं. मग नेलकटरच्या कानशीने टोकं घासली, पीळ दिला आणि वरून माझ्या गजऱ्याचा दोरा घट्ट बांधला. फुलं कोमेजली होती, दोरा शाबूत होता. किक मारली, गाडी सुरू झाली, कुणी ढकलली नाही.

तो दोरा आम्हाला आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत घेऊन आला. तिथून आमचं फाटक दिसतं. तिथे इंजिन बंद पडलं ते पडलंच. मी पुन्हा पुन्हा किक मारली. गल्लीला चढ आहे, त्यामुळे घरंगळण्याचा निकालही कामाला येईना. फाटक समोर दिसत होतं आणि माझे डोळे भरून आले.

"मला ही गाडी द्यायची नाहीये," मी म्हणाले. इतके दिवस एवढं एकच वाक्य म्हणायचं राहिलं होतं.

अनिल खाली उतरला. पिशवी काढून त्याने माझ्या खांद्याला अडकवली. "न्यूट्रलमध्ये टाक," म्हणाला, आणि मागे जाऊन त्याने गाडीला दोन्ही हात लावले. चाकं फिरायला लागली. मी हँडल धरून बसून राहिले. आपण हरलो, हेच डोक्यात होतं.

काका झाडांना पाणी घालत होते. "काय अनिलराव," त्यांनी विचारलं, "तळ्ळता की?"

"हो काका, तळ्ळतो," अनिल धापा टाकत म्हणाला. मग थांबून मला म्हणाला, "आपली अट ढकलण्याची होती. तळ्ळण्याचं काही बोलणं झालेलं नाही. काका, तळ्ळणं आणि ढकलणं एकच का हो?"

काकांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"छे," ते म्हणाले. "ढकलणं पुण्याकडचं. तळ्ळणं शुद्ध मराठी." आणि तेही येऊन मागून हात लावायला लागले.

त्या संध्याकाळी अनिलने ऑफिसातल्या माणसाला फोन करून रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं. मेकॅनिक बेट्टदपुरहून परत आला, आमची माळ आणि गजऱ्याचा दोरा त्याने काढून टाकला आणि नवी कप्पु वायर घातली. आता ब्रेक दाबला की ब्रेकचाच दिवा लागतो. तरी वळणावर अनिल हात काढतोच.

कऱ्हाडहून आईचा फोन आला, तेव्हा तलकाडला काय बघितलं ते मी सगळं सांगितलं. वाळू, देवळं, गोल होडी, इडली. आणि गाडी नीट चालली का, तिने विचारलं. अनिल समोरच बसला होता.

"चालली की," मी म्हणाले. "एकदाही ढकलावी लागली नाही."