पाच मिनिटं चालू

दर रविवारी शेजारच्या काकू आमच्याकडे जेवायला येण्याआधी अंगणात काकांची स्कूटर पाच मिनिटं चालू ठेवतात. त्यांना ती चालवता येत नाही, आणि काकांना जाऊन वर्ष झालं.

अणुवीज केंद्रात काकांकडे अणुभट्टी थंड ठेवणारे राखीव पंप होते. मुख्य पंप बंद पडले तरच लागणारे, म्हणून ते महिन्यातून एकदा नुसते चालवून बघायचे. एकदा त्यातला एक सुरूच झाला नाही. मुख्य पंप चालू होते, त्यामुळे तसं काहीच बिघडलं नव्हतं, पण त्या दिवशी काका जेवले नाहीत.

त्या पंपांची गरज कधी पडू नये, असं वाटत असूनही काका त्यांना जपायचे. स्कूटरची गरज आता कधीच पडणार नाही, तरी काकू तिला जपतात.

आज किका मारून काकू दमल्या.

"मेकॅनिकला बोलावू?" मी विचारलं.

"बोलाव," त्या पायरीवर बसल्या. "आणि तुझ्या आईला सांग, आज माझं पान मांडू नको म्हणावं."