कावळ्याचा घास आणि नऊ पिल्लं

आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. केकमध्ये अंडं असतं हे कळलं तेव्हा वडिलांनी माझ्या मुलाचा वाढदिवस जिलेबीवर उरकायला लावला होता. अशा घराच्या परसात कोंबडी अंड्यांवर बसली, वडील गेल्यानंतर पाच महिन्यांनी. ते असते तर तिची काय बिशाद होती!

कोंबडी मागच्या घरातल्या बाईची. तंजावूरच्या आमच्या भागात परसं पाठीला पाठ लावून आहेत, आणि आमच्या मधली भिंत एका कोपऱ्यात पडलेली आहे. कोंबडी खुडूक झाली आणि तिनं मालकिणीचं घर सोडून आमचा रिकामा गोठा पसंत केला. दोनदा उचलून नेली, दोनदा परत आली. शेवटी बाईनं तिथंच टोपलीत वाळू घालून नऊ अंडी मांडली. गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून कडेला एक खिळा, एक कोळसा आणि एक सुकी मिरची ठेवली. आई नाकाला पदर लावून लांबून बघत होती. ‘बसलीय तर बसू दे,’ म्हणाली. ‘मी काही शिवणार नाही.’

पिल्लं निघायला आठवडा असताना ओरत्तनाडूहून बाईच्या लेकीचा फोन आला, दिवस भरले होते. बाई निघताना आईपुढे हात जोडून म्हणाली, ‘अम्मा, सांभाळा. लेक बाळाला घेऊन इकडे येईल, मग सासरी परत जाईल तेव्हा ही कोंबडी नि पिल्लं तिच्याबरोबर द्यायचीयत. त्या घरात तिचं म्हणावं असं काही नाही.’

‘एकही कमी होणार नाही,’ आई म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, म्हणजे काम माझं.

नऊच्या नऊ निघाली. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. मधल्या सुट्टीत पोरांवर नजर ठेवणं हेच त्यातलं खरं काम, तेव्हा नऊ पिल्लं म्हणजे काय, असं मला वाटलं. कण्या टाकल्या, पाण्याची ताटली ठेवली, मांजराची वाट फळी लावून बंद केली, घारीसाठी वर जुनी मच्छरदाणी ताणली. मोबाइलवर बघून चकचकीत तबकड्याही टांगल्या. दुसऱ्या दिवशी आठ पिल्लं उरली.

चौथ्या दिवशी सात. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि असा पडला की मला माझीच लाज वाटली. रोज अकराच्या सुमाराला आई परसाच्या भिंतीवर भाताचा घास ठेवून ‘काऽ काऽ’ करत होती. इथल्या घरोघरी करतात तसंच. आख्ख्या गल्लीतले कावळे रोज वेळेवर पंगतीला येत होते, भात खात होते आणि खाली बघत होते. आमंत्रण आम्हीच देत होतो!

‘आई, घास काही दिवस गच्चीवर ठेव.’

‘ह्यांना जिना चढवत नव्हता. गुडघे.’

‘अगं, कावळ्याला कसले गुडघे?’

तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं. त्या कावळ्यांत एक तिचा होता. मान तिरकी करून यायचा, तूप नसलं तर भाताला चोच लावायचा नाही. ‘हुबेहूब,’ आई म्हणायची. त्यानं घास घेतल्याशिवाय ती पानावर बसत नसे. वडील हयात असतानाही तीच तऱ्हा होती. ते दोन-दोनपर्यंत कुठं तरी गप्पा छाटत बसायचे आणि ही उपाशी ताटकळायची. मरूनही माणसानं सवय सोडली नव्हती. उलट आता तरी ते अकराला येत होते.

‘पिल्लं दुसऱ्या कुणी नेली असतील,’ ती म्हणाली. ‘आपले हे तसं करणार नाहीत.’

मी बाईच्या घरून बांबूची डालगी आणली, पिल्लं कोंबडीसकट तिच्याखाली ठेवू लागलो, सकाळ-संध्याकाळ तेवढी मोकळी. तरी एक डालगीच्या फटीतून बाहेर आलं आणि गेलं. रोज बाईचा फोन यायचा. ‘सार, पिल्लं बरी ना?’ मी म्हणायचो, ‘झकास.’ फोटो पाठवायचो, पण कोंबडी पंख पसरून बसली असतानाचा. मुलांना खोटं बोलू नका म्हणून छड्या दिलेला माणूस मी!

मग एके दिवशी मी पोस्टात गेलो होतो. ऊन मरणाचं होतं, डालगीखाली पिल्लं चोची वासून धापा टाकत होती. आईला राहवलं नाही. न शिवणारी बाई, तिनं दोन्ही हातांनी डालगी उचलली. अकरा वाजले होते, भिंतीवर घास होता. मी फाटकातून आत येतो तो परसातून तिचा आवाज. जन्मात असा ऐकला नव्हता.

तिरक्या मानेचा कावळा पिल्लू चोचीत धरून भिंतीवर बसला होता, आणि आई खाली हातात केरसुणी घेऊन उभी.

‘अहो, लाज नाही वाटत? कांदा चालत नव्हता तुम्हाला! सोवळ्यात कुणाची सावली चालत नव्हती! अठ्ठावन्न वर्षं तुमच्या मागून जेवले, थंडगार भात गिळला, कधी विचारलंत जेवलीस का म्हणून? आता कुठं मी कुणाला शब्द दिला होता. माझा एक शब्द! तोही खाल्लात?’

तिनं केरसुणी भिरकावली. कावळा उडाला, पिल्लू घेऊनच. आई आत गेली, हात धुतले, स्वतःचं पान वाढून घेतलं आणि कुणाची वाट न बघता जेवली. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर घास नाही. कावळे चार-पाच दिवस येऊन ओरडून गेले. तिला फार वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. ती खिडकीशी जायची आणि परत फिरायची. पण पिल्लू मात्र त्यानंतर एकही गेलं नाही.

महिन्यानं बाई आली, नातू झाल्याची साखर घेऊन. पिल्लं आता पंखांवर आली होती. तिनं मोजली. मी घार, मांजर, मुंगूस अशी यादी मनात जुळवत होतो, तेवढ्यात आई पुढं झाली.

‘पाच आहेत,’ ती म्हणाली. ‘चार आमच्या यजमानांनी खाल्ली.’

बाईनं भिंतीकडे पाहिलं. इथलीच ती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती आईजवळ आली आणि तिचा हात धरला.

‘असू दे, अम्मा,’ ती म्हणाली. ‘जन्मभर बिचाऱ्यांनी नुसता भातच खाल्ला.’

आई हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, हसता हसता गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि मग रडायला लागली. वडील गेल्यापासून ती रडली नव्हती.